पाणसळ

रोज सकाळी योवाना विचारते, "पापा, पाणी कुठवर उतरलं?"
मी तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहतो,
उजवा डोळा तळहाताने झाकतो
आणि सांगतो: आज सतराच्या ओळीपर्यंत.
सतराच्या वर सगळं धड आहे. मग एक रेघ, थरथरणारी,
रेघेखाली बाटलीत बुडाल्यासारखा उरलेला ऑगस्ट.

एकेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं.
पाणसळीतला बुडबुडा दोन खुणांच्या मधोमध आणायचा,
मग वीट.
एवढंच शिकलो. तेवढ्यावर हाउहात अकरा घरं उभी आहेत
आणि एक चर्च. त्याचा मनोरा किंचित कललाय, तो माझा नाही.
आता बुडबुडा माझ्याच डोळ्यात सोडलाय
आणि तो मधोमध यायचं नाव घेत नाही.

मोतीबिंदू काढला तो मार्चमध्ये.
शाळेपासूनचा उणे तेराचा चष्मा त्या डोळ्यापुरता संपला.
पट्टी निघाल्यावर समोरच्या डोंगरावरचे लामा दिसले,
मोजता येतील असे,
मग तेओफिलाच्या हनुवटीवरचा केस.
ती म्हणाली, हे बघायला एवढे पैसे घातलेस?

डॉक्टर इबार्गुएनबाईंनी तेव्हाच बजावलं होतं:
तुमचा डोळा लांबट आहे, सातुर्निनो, आतला पडदा ताणलेला.
वय साठीच्या आत, त्यात पुरुष.
बहुतेकांना काही होत नाही. तुम्हाला होऊ शकतं.
विजा चमकल्या, काजळी उडाली, कडेने अंधार सरकला,
तर त्याच दिवशी बस धरा.
मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

जुलैत विजा चमकल्या.
आमच्याकडे जुलैत आभाळ कोरडं ठणठणीत असतं, हे मला ठाऊक होतं.
तरी म्हटलं, चमकत असेल डोंगरापलीकडे कुठेतरी.
काजळीचे कण आले. म्हटलं, चुलीची.
नाकाच्या बाजूने काळं चढत आलं तेव्हा मी स्लॅब टाकत होतो,
आणि ओला स्लॅब अर्ध्यावर टाकून कोण जातं?
दोन दिवस.
तेवढे माझ्या नावावर.

लिमात बाई कागदावर डोळा काढून समजावू लागल्या.
म्हटलं, राहू द्या, हे मला कळतं.
गिलाव्याला बारीक चीर पडते, चिरेतून ओल मागे शिरते,
वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून सुटत जाते.
बोटाने वाजवली की पोकळ बोलते.
किती घरांत मी तशी भिंत वाजवून दाखवली
आणि वर ऐकवलं, आधी का नाही बोलावलं?
त्या हसल्या नाहीत.

मग वायू भरला. आठ दिवस पालथा.
जेवण पालथं, झोप पालथी, रडलो तेही थेट फरशीवर.
फरशी कुणा शिकाऊ हाताने बसवलीय, सांधे चुकलेत.
योवानाला अजून सांगितलेलं नाही.

घरी जाता येत नाही. वाटेतला घाट पंधरा हजार फुटांच्या वर,
तिथे हवा विरळ, बुडबुडा फुगेल
आणि वाचवलेला डोळा आतूनच दाबून मारेल.
बुडबुडा पुरता विरेपर्यंत समुद्राकाठी राहायचं,
या करड्या धुक्यात, जिथे कपडे वाळत नाहीत.
रात्री दहाची हाउहाची बस गल्लीच्या तोंडाशी वळते.
ड्रायव्हर गिअर बदलतो तो आवाज मी ओळखतो.
तेओफिला फोनवर सांगते,
स्लॅब मेलितोनच्या पोराने पुरा केला.
सांधा दिसतो का?
दिसतो, म्हणते.

काल दुसऱ्या डोळ्याचा विषय निघाला.
त्यातही मोती पिकत आलाय, तोही तेवढाच लांब.
शेकड्यात किती, मी विचारलं.
त्यांनी आकडा सांगितला. लहान होता.
पहिल्या वेळीही लहानच होता.
म्हटलं, तारीख नंतर. आधी वाजवून बघा.
त्यांनी दिवा लावला, डोळा कडेकडेने दाबत गेल्या,
खूप वेळ,
आणि एका जागी थांबल्या.
"इथे पातळ आहे," म्हणाल्या. "पण धरून आहे."